धक्क्यावरचा अधिकार

जहाजावरील माणसे, माल आणि मार्ग यांविषयी अखेरचा शब्द कप्तानाचा असतो, आणि जहाजाच्या सुरक्षिततेला धोका निर्माण करणाऱ्या प्रवाशाला रोखून ठेवण्याचा अधिकारही सागरी परंपरेने व कायद्याने त्याला दिलेला आहे. मद्यपी किंवा भांडखोर अशा एखाददुसऱ्या प्रवाशापुरता हा अधिकार चालतो, कारण दोन खलाशी त्याला एका खोलीत नेऊन बसवू शकतात. शेकडो प्रवासी एकाच वेळी जागा सोडून उठले, तर मात्र कप्तानाची आज्ञा बळहीन होते.

१७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि भर पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात वाटेतच उलटून सहाशेहून अधिक माणसे दगावली. बोटीत एका बाजूने पाणी शिरू लागताच भेदरलेले प्रवासी दुसऱ्या बाजूला धावले, असे त्या दुर्घटनेविषयी सांगितले जाते. बोटीचा तोल, म्हणजे एका अंगाला कलल्यावर पुन्हा सरळ होण्याची तिची क्षमता, वजन कोठे आणि किती उंचावर आहे यावर ठरतो. वरच्या डेकवर गर्दी वाढली की ही क्षमता घटते, आणि मालाच्या गोणीप्रमाणे माणसाला दोराने बांधून ठेवता येत नसल्यामुळे ते वजन ऐन संकटात आपण होऊन सरकते. अशा प्रवाशाला बेशिस्त म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला आवरण्याची वेळ बोट धक्क्याला लागलेली असतानाच होती: किती माणसे घ्यायची, कोणाला कोठे बसवायचे, आणि हवा बिघडली असेल तर निघायचेच की नाही, हे ठरवताना.

विमानाच्या बाबतीत निघण्याआधीचा आणि निघाल्यानंतरचा अधिकार यांतली ही सीमा कायद्यानेच आखली आहे. १९६३च्या टोकियो करारानुसार, ज्यासाठी भारताने १९७५ साली स्वतंत्र कायदा केला, प्रवासी चढल्यानंतर बाहेरची सर्व दारे बंद होतात त्या क्षणापासून उतरण्यासाठी एखादे दार उघडेपर्यंत वैमानिकाला दंगेखोर प्रवाशाला जखडून ठेवण्याचा अधिकार मिळतो. कायद्याने दिलेले हे बळ मोठे आहे. तरीही तर्र झालेल्या माणसाला दारातूनच परत पाठवणे अधिक सुरक्षित, हे जाणकार कर्मचारी ओळखतात.

नाशिकच्या पंचवटीत बोट नाही, पण प्रश्न हाच आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्यातील शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाच्या परिसरातील अरुंद रस्त्यांवर चेंगराचेंगरी होऊन ३०हून अधिक भाविकांचा मृत्यू झाला. मागून लोंढा येत असताना पुढच्या भाविकाला थांबण्याची आज्ञा देऊन उपयोग नसतो, कारण थांबणे त्याच्या हाती उरलेले नसते. म्हणून २०२७च्या सिंहस्थात कुंडाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या हाती केवळ कर्णा आणि काठी देऊन भागणार नाही. दोन चौक अलीकडचा प्रवाह, वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता, तत्काळ थांबवण्याचा अधिकार त्याला हवा, आणि त्यामुळे एखाद्या मानकऱ्याचा खोळंबा झाला तरी या अधिकाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची तयारी प्रशासनाने आधीच जाहीर केलेली हवी.