मूळची गाडी

वडिलार्जित घर किंवा वडिलार्जित कर्ज ज्याच्या वाट्यास येते, त्याला सल्ला देण्यास वकील असतो. वडिलार्जित मोटार ज्याच्या वाट्यास येते, त्याला सल्ला देण्यास सारा गाव पुढे सरसावतो. आमच्या अण्णांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून, १९६८ साली घेतलेली फियाट माझ्याकडे आली आणि या सत्याचा मला पुरेपूर अनुभव आला.

खरे म्हणजे गाडी बिनबोभाट चालत होती तोवर कोणताच प्रश्न नव्हता. तो निघाला गेल्या वैशाखात, पसरणीच्या घाटात. पाचगणीहून आम्ही वाईकडे उतरत होतो. चिरंजीव गाडी हाकीत होते, मी शेजारी, मागे सूनबाई आणि चार वर्षांची नात. निम्मा घाट उतरलो असू नसू, तोच जळकट वास आला. चिरंजीवांनी ब्रेक दाबला. पाय खोल गेला, पण गाडी ऐकेना. मोठ्या खटपटीने खालचा गिअर पडला आणि डोंगराच्या अंगाला धरून गाडी एकदाची उभी राहिली. कोणालाही ओरखडा उठला नाही. सूनबाई एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त नातीला कडेवर घेऊन उरलेला घाट त्यांनी एस.टी.ने उतरला. त्या न बोलण्याला उत्तर देणे मला भाग होते.

आमच्या मिस्त्रीपाशी ते तयारच होते. "साहेब, वरचा पत्रा तेवढा ठेवू. आत सगळं नवं घालू." नवे इंजिन, नवे डिस्क ब्रेक, हलके स्टिअरिंग, पायापाशी गिअर आणि थंड हवेचे यंत्र! "दिसायला आजी, पळायला नात," असे म्हणून तो हसला. चिरंजीवांना हा बेत मनापासून पसंत पडला.

माझ्या एका मित्रांना जुन्या गाड्यांचा शौक आहे. त्यांच्या कानी हे जाताच ते धावत आले. त्यांच्या मते हा बेत म्हणजे शुद्ध अधर्म. कुर्ल्याच्या कारखान्यातून ज्या दिवशी ही गाडी बाहेर पडली, त्या दिवशी ती जशी होती तशीच ती पुन्हा करावी. टपावरचा कॅरिअर काढावा, पुढे बसवलेला छोटा पंखा काढावा, मूळचा रंग शोधून द्यावा. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. इंजिन बदलले की तो मान गेलाच. आणि परवानगीवाचून ते बदलले तर १९८८ च्या मोटार कायद्याचाही भंग होतो.

मित्रांचे म्हणणे मी मान हलवून ऐकत होतो, पण पंख्याचे नाव निघताच मनात काही तरी अडले. आईला घाटात घेरी येई, म्हणून अण्णांनी तो पंखा पहिल्याच उन्हाळ्यात बसवून घेतला होता. कारखान्याच्या हिशेबी ती भेसळ. आमच्या घराच्या हिशेबी मात्र पंख्यावाचून ती गाडी अण्णांची नव्हेच. मग मूळची म्हणावी ती कोणती? तसे पाहिले तर इटलीतल्या तुरिन शहरी जन्मलेल्या फियाट कंपनीचा नमुना घेऊन, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीने ती कुर्ल्यास बांधली. पुढे हीच जात 'पद्मिनी' म्हणून मिरवली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी होऊन २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली. १०८९ सी.सी.चे ते लहानसे इंजिन दोन पिढ्यांनी आपल्या गरजेप्रमाणे राबवून घेतले.

त्यातून 'व्हिंटेज' या मानाला एक अट आहे. अशी गाडी नित्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच ती बाहेर पडायची. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१२ साली संमत केलेली 'तुरिन सनद' याहून उदार वाटली. गाडी वापरल्यानेच ती जतन होण्यास मदत होते, केलेला बदल पुन्हा मोडता यावा आणि काढलेले मूळचे भाग सांभाळून ठेवावेत, असा तिचा आशय आहे. वापरातून उमटलेल्या खुणांनाही ती इतिहासाचाच भाग मानते.

एवढे वाचूनही घाटातल्या त्या वासाचे काय, हा प्रश्न उरलाच. एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या अण्णांचे शब्द आठवले: "ज्या गिअरने घाट चढायचा, त्याच गिअरने उतरायचा." या गाडीच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. पट्ट्या आत घासतात, उष्णता आतच कोंडते आणि सतत पाय ठेवला की तापलेल्या ब्रेकची पकड सुटते. म्हणून उतारावर वेग आवरण्याचे काम इंजिनाकडे द्यायचे आणि ब्रेक अडीअडचणीसाठी राखायचा. अण्णांनी हे मला शिकवले होते; मी ते चिरंजीवांना कधी शिकवलेच नाही. गाडी मी जपली, पण ती चालवण्याची रीत माझ्या हातून हरवली. पसरणीच्या घाटातला अपराधी शोधायचा तर तो चालकाच्या शेजारी बसला होता.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंना मी हे जसेच्या तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "बाबा, रीत शिकवाच, पण मुलीसाठी पट्टाही हवा." मला तो निवाडा मान्य झाला. ब्रेक जातीचे तेच राहिले, पण लायनर, सिलिंडर, नळ्या सगळे नवे पडले. पुढे-मागे कमरेचे पट्टे बसले. ते उद्या काढताही येतील. इंजिन, हातातला गिअर आणि पंखा यांना कोणी हात लावला नाही. निघालेले सुटे भाग कागदात गुंडाळून, वर तारखा घालून पेटीत ठेवले आहेत. 'व्हिंटेज'चा अर्ज मी भरला नाही. दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करून गाडी रस्त्यावर ठेवायची असे ठरले. मित्र थोडे नाराज आहेत, मिस्त्री अधिक.

पावसाळ्यात एका मोकळ्या मैदानावर महिनाभर आमची शाळा चालली. कार्तिकात आम्ही पुन्हा पाचगणीहून उतरलो. चिरंजीवांनी पहिल्या वळणाआधीच डाव्या हाताने दुसरा गिअर टाकला. इंजिन गुरगुरू लागले आणि गाडी बैलासारखी पावलापावलाने खाली चालू लागली. मागून आलेल्या नव्या गाड्या भोंगे वाजवीत पुढे निघून गेल्या. पाचव्या वळणावर सूनबाईंनी नातीच्या पट्ट्यावरचा हात काढला आणि म्हणाल्या, "बाबा, जरा पंखा लावता का?"