पर्वती आणि पुन्हां धांवणें

पुण्याच्या दक्षिणेस उभी असलेली पर्वती नानासाहेब पेशव्यांनीं इ. स. १७४९ मध्यें बांधविलेल्या देवदेवेश्वराच्या मंदिरामुळें प्रसिद्ध आहे. परंतु पहांटे तेथें देवाइतकीच देहाचीही उपासना चालते. पायथ्याजवळच्या सारसबागेंत (पूर्वीं येथें पेशव्यांचें तळें होतें) चालणारे-धांवणारे फिरत असतात. अधिक उत्साही मंडळी टेकडीच्या १०३ पायऱ्या चढून जातात.

यांतील पुष्कळांचें हें पुनरागमन असतें. संसार, नोकरी किंवा आजारपण यांमुळें पांच-दहा वर्षें धांवणें सुटलेलें असतें. मनांत मात्र कॉलेजांतील वेग जसाच्या तसा शिल्लक! धोका येथेंच आहे. कांहीं आठवड्यांच्या सरावानें दम परत येतो. कंडरा व हाडें यांस मात्र कित्येक महिने लागतात. छाती 'चल' म्हणते आणि पोटरी किंवा टांच दुखावते. म्हणून प्रथम कांहीं दिवस नुसतें चालावें. मग एक मिनिट धांवावें, दोन मिनिटें चालावें. सोबत्याशीं बोलतां येईल इतकाच वेग ठेवावा व एक दिवसाआड विश्रांति घ्यावी. हृदयविकार असल्यास आधीं डॉक्टरांचा सल्ला घेणें अवश्य.

पानिपतच्या आघातानें खचलेले नानासाहेब १७६१ मध्यें याच टेकडीवर निवर्तले. गेलेल्या वैभवाचें ओझें किती जड असतें, हें पर्वतीस ठाऊक आहे. धांवणाऱ्यानेंही आपला जुना वेग पायथ्याशींच ठेवावा आणि आजचें पाऊल आजच्या बळानें टाकावें.