शनिवारची रात्र

गाणें ऐकावयाचें तर गवयासमोर बसावें लागतें, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली. मैफल म्हटली कीं बैठक आली, तंबोरे आले, पानाचें तबक आलें आणि पुढच्या रांगेंत मान डोलावणारे चार जाणकारहि आले. पण बैठकीला दार असतें. आणि दार आलें कीं कोणी आंत व कोणी बाहेर, हेंहि ओघानेंच आलें. रेडिओनें या दाराचें काय केलें, याचा विचार करूं लागलों कीं मला आमच्या घरांतल्या शनिवारच्या रात्री आठवतात.

मुंबईचें रेडिओ-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. तें चालविणारी खाजगी कंपनी तीन वर्षांतच बुडाली. मग सरकारनें तो व्याप अंगावर घेतला आणि १९३६ सालीं त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें. पुण्यास केंद्र यावयाला मात्र १९५३ साल उजाडावें लागलें. त्याच्या आदल्याच वर्षीं, बाळकृष्ण केसकर हे नभोवाणीमंत्री असतांना, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता. शनिवारीं रात्रीं साडेनऊला तो दिल्लीहून निघे आणि देशांतील केंद्रें तो एकाच वेळीं सहक्षेपित करीत.

१९६० नंतरच्या त्या वर्षांत आमच्या पुण्याच्या घरीं शनिवारचें जेवण त्यामुळें लौकर आटपे. वडील नवाच्या सुमारास सेट लावीत. आंतले व्हॉल्व्ह तापून आवाज येईपर्यंत तबकडीमागचा पिंवळा दिवा तेवढा जिवंत दिसे. गाण्याआधीं पुष्कळदां एखादें भाषण लागे. कधीं ज्ञानेश्वरीवर, कधीं आकाशांतल्या ताऱ्यांवर, तर कधीं भातशेतीवर. मोजून दिलेल्या मिनिटांत मोठ्या विद्वानालाहि नेमकें बोलावें लागे. आणि हा गुण सभागृहांतल्या व्याख्यात्यांत किती विरळा, हें वाचकांना सांगावयास नकोच!

श्रोते ठरलेले असत. खुर्चीवर वडील, सतरंजीवर शेजारचे दोघे-तिघे, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं तांदूळ निवडीत बसलेली आत्या. अकालीं वैधव्य आल्यावर ती भावाच्या घरीं आली होती. मैफलींना जाण्याची तिला कोणी मनाई केली नव्हती. पण 'चल' असेंहि कोणी कधीं म्हटलें नव्हतें.

तिला एक कोडें पडलें होतें. कीर्तनांत आणि नाटकांत जन्मभर ऐकलेली पेटी रेडिओवर गाण्याच्या साथीला कां नाहीं? पेटीचे सूर आधींच बांधलेले, तिच्यांतून मींड निघत नाहीं, श्रुति साधत नाहींत, शिवाय ती परकी, असे आक्षेप घेऊन तिला १९४० सालीं नभोवाणींतून घालवून दिलें होतें. १९७१ सालीं कुठें ही बंदी सैल झाली. ज्या महाराष्ट्रानें गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकली, त्याला हा न्याय पटणें कठीणच होतें. पण या अन्यायांतून आत्याला एक लाभ झाला. गळ्याच्या मागोमाग जाणारी सारंगी तिनें प्रथम ऐकली ती रेडिओवरच.

एक दार उघडतांना दुसरें लावून घेण्याची ही खोड पेटीपुरतीच नव्हती. ज्या गायिकांचें खाजगी आयुष्य लोकापवादाचा विषय झालें होतें, त्यांना १९४६ च्या सुमारास नभोवाणीनें मज्जाव केला. ठुमरी-दादरा ज्यांच्या घराण्यांनीं सांभाळला, त्यांतल्याच कित्येकजणी बाहेर राहिल्या. आणि त्यांनीं सांभाळलेली विद्या मात्र सोज्ज्वळ माजघरांत पोहोंचली.

एका शनिवारीं एका नामवंत गवयाचें गाणें संपलें. वडील 'वाहवा' म्हणून शेजाऱ्यांकडे वळले. तोंच उंबऱ्यावरून आवाज आला, "दादा, विलंबित छान झालं. पण द्रुतात शिरायची घाई केली त्यांनी. राग अजून फुलायचा होता."

सगळे गप्प झाले. गाण्याविषयीं आत्याला मत असेल, हें कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हतें. थोड्या वेळानें वडील म्हणाले, "खरं आहे तुझं." पुढच्या शनिवारीं त्यांनीं आपण होऊन रेडिओशेजारीं एक खुर्ची मांडली. आत्यानें ती नाकारली. "मला इथूनच नीट ऐकू येतं," ती म्हणाली.

हें मत तिला बैठकींत सुचलें असतें कीं नाहीं, कोण जाणे. बैठकींत दाद देतांना माणूस गवयाकडे पाहतो तसाच शेजाऱ्याकडेहि पाहतो. उंबऱ्याशीं बसलेल्या बाईला कोणाच्या मानेकडे पाहावयाचें नव्हतें. मात्र तिला लाभलेल्या या मोकळेपणाची किंमत गवयानें मोजली. समोर कोणी श्रोता नसतांना, घड्याळाच्या कांट्यावर नजर ठेवून, बंद खोलींत त्याला रंग भरावा लागे. आत्यानें हेरलेली ती घाई त्याची होती कीं घड्याळाची, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

आज हवा तो राग हव्या त्या घटकेला खिशांतल्या यंत्रावर ऐकतां येतो, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. दारें आतां खरोखरच उघडीं आहेत. पण न रुचलेलें गाणें बोटाच्या टोकानें दूर सारतां येऊं लागल्यापासून, तें कां रुचलें नाहीं हें स्वतःला विचारण्याची पाळी सहसा येत नाहीं. दार उघडण्याचें काम यंत्र करील. आंत जाऊन दीड तास बसण्याचें काम ज्याचें त्यालाच करावें लागतें.