अवेळी भरलेली शाळा

मराठवाड्यात शाळा उघडते ती जूनच्या मध्यास, मृगाच्या सरी आणि कोऱ्या पुस्तकांच्या वासासह. १९९३ साली मात्र लातूर-उस्मानाबादच्या कित्येक मुलांना भर वर्षात, परगावी, पुन्हा पहिला दिवस पाहावा लागला. ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून गावे झोपली असता किल्लारी-सास्तूर परिसरातील दगड-मातीची घरे कोसळली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली.

मदतीस धावलेल्यांत भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था होते. सुमारे १,२०० मुलांना त्यांनी शिक्षणासाठी पुण्यास आणले. या निर्णयाचे वजन नांदेड-लातूरच्या मोंढ्यातील व्यापाऱ्यास वेगळे सांगायला नको. धान्याचे पोते दिले की खाते मिटते. मुलाचे खाते वर्षानुवर्षे उघडे राहते.

एरवी शाळाप्रमुखास पहिल्या दिवशी तुकड्या, तास, बाके यांची काळजी. अशा मुलांपुढे प्रश्नच निराळे. आई गमावलेल्या पाचवीतल्या मुलास ‘माझे घर’ हा निबंध सांगावा काय? ढिगाऱ्यातून वाचलेल्या आजीपासून नातवास दूर न्यावे काय? या दुसऱ्या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर आजही देता येणार नाही. पण गावच उद्ध्वस्त झालेले असताना मुलाचे शिक्षण तुटू देणे, हाही एक निर्णयच ठरला असता. आणि तो कोणी घेतला, हे कोणत्याच वहीत लिहिले गेले नसते.

पुढे वाघोलीच्या संकुलात मेळघाटातील आदिवासी मुले आली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलेही आली.