दुआ झाली, आता साखळी बघा

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही अम्मींना घेऊन धाकट्या भावाकडे डॅलसला गेलो होतो. तिथून सुमारे 600 किलोमीटरवर, अमॅरिलोजवळ, पॅलो ड्यूरो नावाची लाल दगडांची मोठी दरी आहे. तिथे तीन दिवस ट्रेलरमध्ये राहायचा बेत भावाने आधीच आखून ठेवला होता. ट्रेलर म्हणजे चाकांवरचे छोटे घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर सगळे असते, फक्त इंजिन नसते. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचे. वुजूला पाणी, नमाजला जागा आणि घरचे जेवण, म्हणून अम्मीही खूश होत्या.

ट्रेलर भाड्याने ठरला होता आणि निम्मे पैसे देऊन झाले होते. ओढायला भावाची घरची गाडी होती. "गाडी पाच हजार पाउंड ओढते, भाईजान, आणि रिकामा ट्रेलर चार हजार सातशेचा. आरामात बसतंय," तो म्हणाला.

आम्ही पडलो शिक्षक. 'रिकामा' हा शब्द कानाला खटकला. रात्री वही काढून हिशेब मांडला. टाकीतले पाणी 40 गॅलन, म्हणजे सुमारे 330 पाउंड. भांडी, अंथरुणे, रेशन, खुर्च्या धरून आणखी 500. बेरीज झाली 5,530. मर्यादा तिथेच ओलांडली होती.

मग गाडीचे चालकाकडील दार उघडून आतल्या खांबावरची चिठ्ठी वाचली. माणसे आणि सामान मिळून 1,250 पाउंडांपेक्षा जास्त नको, असे तिच्यावर छापले होते. आम्ही सहा माणसे साधारण 880 पाउंडांची. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या जागी गाडीवरच येतो. बारा टक्के धरले तरी 660. म्हणजे 1,540.

सकाळी वही भावापुढे ठेवली. त्याला राग आला. "इथे सगळे असेच नेतात. पैसे दिलेत, पोरगा आठ दिवस उड्या मारतोय." घरात थोडा वेळ कोणी बोलेना. पाहुणे म्हणून येऊन यजमानाची चूक काढल्यासारखे आम्हालाही वाटले. अखेर अम्मी म्हणाल्या, "सफरची दुआ मी पढीनच. पण जे दिसतंय, ते डोळे झाकून अल्लाहवर कशाला टाकायचं?"

भावाने मोठा पिकअप ट्रक भाड्याने घ्यायचे ठरवले. तेव्हा कळले की साध्या भाड्याच्या गाड्यांच्या करारात काही ओढायला बहुधा मनाई असते. तशी परवानगी लेखी देणारी कंपनी शोधावी लागली. ट्रेलरचे नुकसान कोणाच्या विम्यात येते, तेही लेखी विचारून घेतले. खर्च वाढला म्हणून एक दिवस कमी केला. पोरगा रुसला, पण एका दिवसाने काय बिघडते!

ट्रेलर घेताना मालकासमोर एकेक गोष्ट पाहिली. जोडणीखालच्या दोन्ही साखळ्या एकमेकींना छेदून लावलेल्या हव्यात. जोडणी सुटलीच तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी तार वेगळी अडकवलेली हवी. दिवे, टायरची हवा आणि टायरवर छापलेला आठवडा व वर्षही पाहिले. जड सामान खाली आणि चाकांच्या थोडे पुढे ठेवले, कारण मागे वजन गेले की ट्रेलर डोलू लागतो. गॅसचे नळ बंद केले. चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसायचे नाही, हे पोराला दोनदा बजावले. त्याआधी मशिदीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये भावाने तासभर ट्रेलर मागे घेण्याचा सराव केला. आम्ही मागे उभे राहून हात दाखवत होतो.

विचिटा फॉल्स सोडल्यावर मोकळ्या माळावर आडवा वारा सुटला. तेवढ्यात शेजारून एक मोठा ट्रक गेला आणि आमचा ट्रेलर डोलू लागला. भावाने पायाचा ब्रेक दाबला नाही. अॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरले आणि हाताच्या बटणाने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळू लावले. दोन-तीन हेलकाव्यांत सगळे शांत झाले. पुढच्या पेट्रोल पंपावर तो उतरला, चाकांचे नट तपासले आणि पाणी पिऊन हळूच म्हणाला, "भाईजान, आपली गाडी असती तर?" आम्ही काही बोललो नाही. अम्मींच्या हातातली तसबीह चालूच होती.

दरीत संध्याकाळी लाल कड्यांखाली जमातीने मगरिब पढलो. ते दृश्य विसरणे नाही.

परत आल्यावर शाळेची सहल निघाली, तेव्हा मुले बसमध्ये चढण्याआधी आम्ही फिटनेस, परवाना, विमा पाहिला आणि चालक रात्री किती झोपला ते विचारले. बसवाला हसला. म्हणाला, "सर, एवढं कोणी बघत नाही." आम्ही म्हटले, "लोकांची लेकरं अमानत आहेत, भाऊ. कागद दाखवा."