गोटी सोडा आणि नसलेले बेट

अमरावती-अकोल्याकडील जुन्या सोडा-शरबताच्या दुकानांविषयी हळहळून जे बोलले जाते, त्यात बाटलीतली गोटी असते, बरफाच्या लादीवरचे ओले पोते असते, फळीवर मांडलेल्या लाल, हिरव्या, पिवळ्या शिशा असतात. मात्र त्या शिशांत नेमके काय होते आणि ते किती घालत, हे सांगणारा माणूस सहसा भेटत नाही. चव ध्यानात राहते असे म्हणतात, पण ध्यानात राहते ते बहुधा तिच्याभोवतीचे सामान, आणि या धंद्यात हात घातलेल्याला हे फार लवकर कळते, कारण ‘पहिल्यासारखे’ शरबत मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आंबट होते की खारट असे विचारले, तर ते गोटीविषयी बोलू लागते. चव परत आणायची तर माप परत मिळवावे लागते. ते मिळवण्याचा बहुधा सर्वांत चिवट प्रयत्न कॅलिफोर्नियातील टिकी बारांच्या बाबतीत झाला असल्याने, वऱ्हाडाच्या शरबताचा विचार करताना तिकडे एक फेरी मारून येणे भाग पडते. (वरूडला संत्र्यांपायी ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणण्याची चाल आहेच, तेव्हा हा प्रवास अगदीच परका नाही.)

टिकी म्हणजे पॉलिनेशियातील, अर्थात प्रशांत महासागराच्या बेटांवरील, लाकडात किंवा दगडात कोरलेली मानवाकृती. मार्केसास बेटांवर आणि न्यूझीलंडच्या माओरी समाजात तिचे नाते पूर्वजांशी आणि देवतांशी आहे. डिसेंबर १९३३ मध्ये अमेरिकेतील दारूबंदी उठली, आणि त्याच सुमारास अर्नेस्ट रेमंड ब्यूमाँट गँट नावाच्या, बेटे हिंडून आलेल्या तरुणाने हॉलिवुडात एक लहानसा बार काढून तो बांबू, झावळ्या, मासेमारीची जाळी आणि अशा मूर्तींनी सजवला. ‘डॉन द बीचकोंबर’ हे त्या बारचे नाव पुढे मालकालाच चिकटले आणि तो डॉन बीच म्हणून ओळखला जाऊ लागला. सजावट प्रशांत महासागराची असली, तरी पेल्यातली रम कॅरिबियन समुद्रातल्या बेटांची होती, म्हणजे उसाच्या मळीपासून काढलेली, अर्ध्या पृथ्वीपलीकडची. ज्या बेटाची ओढ गिऱ्हाइकाला लावली गेली, ते बेट कोणत्याही नकाशावर नव्हते. ज्यांच्या देवता टेबलाशेजारी उभ्या केल्या गेल्या, त्या लोकांना याचा राग यावा हे रास्तच आहे, आणि टिकीवर प्रेम करणाऱ्यांनाही हा प्रश्न आता टाळता येत नाही.

कारागिरीचा भाग मात्र खोटा नव्हता. ओकलंडच्या व्हिक्टर बर्जरॉनने, म्हणजे ‘ट्रेडर विक’ने, १९४४ साली ‘माय ताय’ नावाचे जे मिश्रण जुळवले त्यात जुनी जमैकन रम, ताजे लिंबू, संत्र्याच्या सालीचा अर्क असलेले कुरासाव हे मद्य, ‘ओर्झा’ आणि खडीसाखरेचा पाक एवढेच जिन्नस होते. ओर्झा म्हणजे बदाम वाटून, गाळून केलेले गोड शरबत. रम आणि कुरासाव बाजूला ठेवले, तर उरलेले तिन्ही जिन्नस अकोल्याच्या कोणत्याही शरबतवाल्याला ओळखीचे आहेत आणि ठंडाई घोटणाऱ्याला तर घरचेच. या साऱ्या मिश्रणांचे मूळ ज्या ‘पंच’ नावाच्या पेयात आहे, त्याचा उगमही बहुधा इकडचाच असावा: दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पाच वस्तूंवरून ‘पाच’ हा शब्द इंग्रजांच्या तोंडी ‘पंच’ झाला, असे सांगितले जाते, आणि सतराव्या शतकात भारतात वावरलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यानेही ती व्युत्पत्ती नोंदवली आहे. कॅरिबियन मळेवाल्यांनी पुढे त्याचे माप बांधले ते एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक आणि चार भाग पातळ असे. डॉन बीचने त्यात एकाऐवजी दोन-तीन प्रकारच्या रम आणि दोन-तीन प्रकारची आंबट फळे घालून ते गुंतागुंतीचे केले. त्याचे ‘झोंबी’ एका गिऱ्हाइकाला दोनच पेले मिळत असे. तिसरा पेला अंगावर येतो, हे मालकाला पक्के ठाऊक होते.

डॉन बीचला आपले नोकर फुटतील याची धास्ती होती. म्हणून त्याच्या बाटल्यांवर जिनसांची नावे नसत, ‘डॉन्स मिक्स’ किंवा ‘स्पायसेस ४’ अशा खुणा असत, आणि पेला तयार करणाऱ्यालाही आपण काय ओततो आहोत हे कळत नसे. १९७० च्या दशकात ही दुकाने ओस पडू लागली तेव्हा खुणा उरल्या आणि अर्थ गेला. पुढे जेफ बेरी या अभ्यासकाने वर्षानुवर्षे जुने बारवाले शोधून त्यांना बोलते केले. डॉनच्या एका जुन्या वाढप्याची १९३७ ची वही हाती लागली, तीतही काही ठिकाणी खुणाच होत्या. आणि अखेर ‘स्पायसेस ४’ म्हणजे दालचिनीचा पाक आणि ‘डॉन्स मिक्स’ म्हणजे दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस, म्हणजे पपनसाच्या जातकुळीतल्या एका कडवट फळाचा रस, आणि एक भाग तोच पाक, हे उलगडले. म्हणजे एवढ्या मोठ्या रहस्याच्या पोटात निघाली ती दालचिनी! पण ती निघाली म्हणून आज ते पेय पुन्हा करता येते.

वऱ्हाडात सहसा कोणी खुणासुद्धा लिहून ठेवल्या नाहीत. येथे जे टिकले ते यंत्र. गोटीची बाटली हायरम कॉड या इंग्रजाच्या १८७२ च्या पेटंटातली: मानेत काचेची गोटी, तोंडाच्या आतल्या कडेला रबराचे वळे, आणि गळ्याखाली दोन बाजूंनी चिमटा काढावा तशा खोबणी. गोड पाणी भरलेल्या बाटल्या लोखंडी पिंजऱ्यात आडव्या बसवून, नळीने कर्बवायू सोडत, हाताने पिंजरा गरागरा फिरवला की वायू पाण्यात मुरतो, आणि उलट्या झालेल्या बाटलीतली गोटी रबरावर जाऊन बसते; मग आतला दाबच तिला तेथे धरून ठेवतो, बूच लागत नाही. ओतताना खोबणी खालच्या अंगाला ठेवायची असते, म्हणजे गोटी तिच्यात अडकून राहते आणि धार सलग पडते. नवखा माणूस बाटली उलटी धरतो, गोटी पुन्हा तोंडाशी येते आणि तो बाटलीला शिव्या देतो. या साऱ्यात चवीशी थेट संबंध असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे पाण्याची थंडाई. शून्य अंशाच्या पाण्यात जेवढा वायू मुरतो, त्याच्या साधारण निम्माच वीस अंशाच्या पाण्यात मुरतो, आणि ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेथे साध्या नळाच्या पाण्याने भरलेला सोडा आवाज करतो पण जिभेला चावत नाही. जुना सोडेवाला भरण्याआधी पाणी बरफात ठेवी, ते हौसेने नव्हे. आज गोटीच्या बाटल्या नव्याने बाजारात आल्या आहेत, आवाज तोच आहे, पण पाणी कोमट भरले जाते. गिऱ्हाईक आवाजावर खूश होऊन पैसे देते आणि ‘पहिल्यासारखा नाही’ असे पुटपुटत जाते. ते म्हणणे खरेच असते.

फळीवरच्या रंगीत शिशांविषयी आठवणीत बरेच सोवळे पाळले जाते. त्यांत बहुतेक वेळा साखरेचा पाक, लिंबूसत, खायचा रंग आणि बाटलीबंद सुगंधी अर्क, ज्याला सर्वजण नुसते ‘एसेन्स’ म्हणतात, एवढेच असे. संत्र्याच्या जिल्ह्यात ‘ऑरेंज’ नावाच्या सोड्यात संत्र्याचा थेंब नसावा याचे नवल वाटते, पण त्याला सबळ कारण आहे. नागपुरी संत्र्याचा रस काढला त्या क्षणी गोड लागतो आणि काही वेळाने कडू होत जातो, कारण बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यांत असलेले एक चवहीन द्रव्य रसाच्या आंबटपणात हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात बदलते. रस तापवला तर हा बदल आणखी लवकर होतो. म्हणून मोर्शी-वरूडचे संत्रे समोर काढून समोर प्यायचे असते, बाटलीत भरायचे नसते. प्रस्तुत लेखकाच्या हातून या कडवटपणापायी बादलीभर रस मोरीत गेला आहे, आणि डॉन बीचने मुद्दाम कडवट फळ निवडून त्यावर दालचिनीचा पाक घातला यातली हुशारी त्यानंतरच उमगली: कडू लपवता येत नसेल, तर त्याला सोबत द्यावी. संत्र्याच्या शिळ्या रसाला दालचिनी, काळे मिरे आणि चिमूटभर मीठ दिले की तो पिण्याजोगा होतो, आणि कधी कधी ताज्यापेक्षा बरा लागतो.

वऱ्हाडाचे खरे बेट सापडते ते अंबाडीत. अंबाडीची आंबट भाजी ज्वारीच्या कण्यांबरोबर घरोघर होते. पण लाल अंबाडीच्या फुलाखाली जो जाड, मांसल, गडद लाल कोश असतो, ज्याला बोलण्यात बोंड म्हणतात, त्याचे शरबत करण्याची रीतही येथली जुनी आहे. हीच वनस्पती जमैकात ‘सॉरेल’ या नावाने ओळखली जाते, तिच्याच बोंडांचे आले घातलेले लाल पेय तेथे नाताळात रम मिसळून पितात, आणि हंगामही दोन्हीकडे हिवाळ्याचाच. टिकीवाल्यांनी ज्या कॅरिबियनमधून रम आणली, तेथल्या घरातली चव आणि अचलपूरच्या शेताच्या धुऱ्यावरची चव अशी एकाच झाडाची आहे. हे शरबत करताना घाई चालत नाही. बिया काढलेली वाळकी बोंडे रात्रभर थंड पाण्यात भिजत घालावी लागतात. उकळली तर रंग लवकर उतरतो खरा, पण चवीत शिजलेपणा येतो आणि ताजा, किंचित करवंदासारखा वास निघून जातो. भांडे स्टीलचे किंवा काचेचे हवे, कारण ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईची पितळ या आंबटात टिकत नाहीत. लाल रंग आंबटपणावर तगून असतो; पाण्यात कोणी खायचा सोडा टाकला तर सारे शरबत निळसर-काळे पडते. पादेलोण, म्हणजे गंधकाच्या वासाचे काळे मीठ, अगदी शेवटी घालायचे, कारण तो वास उडून जाणारा आहे. भाजलेले जिरे मात्र पाकातच मुरू द्यावे. वर थंड सोडा ओतला की गुलाबी फेस येतो, आणि तो बसायच्या आत पेला गिऱ्हाइकाच्या हातात गेला पाहिजे.

या पेल्यात दारू का आली नाही, याचे उत्तर चवीत कमी आणि कायद्यात जास्त आहे. मेळघाटात चिखलदरा-धारणीकडे चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले टपटपतात. ती वाळवून, भिजवून, आंबवून मडक्यावर मडके ठेवून गाळलेली दारू कोरकू समाजाच्या विधींत आणि सणांत असते. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द मराठीने त्या भट्टीवरूनच उचलला. गाळताना आधी उतरते ती सर्वांत जहाल, म्हणून पहिली धार. इंग्रजी राज्यात आबकारीच्या उत्पन्नासाठी घरगुती भट्टी गुन्हा ठरत गेली. मुंबई इलाख्यात तर कुलाबा-ठाण्याकडे फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा १८९२ साली झाला. अमेरिकेत दारूबंदी उठून पाच वर्षे होतात तोच १९३८ साली मध्य प्रांत व वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा आला, आणि पुढे १९४९ च्या मुंबई कायद्यामुळे पिण्यालाच परवाना लागू लागला. ‘परमिट रूम’ हे बारचे नाव कायद्याने ठेवलेले आहे, आणि त्या नावाच्या खोलीत बांबूचे बेट कोणी कशाला उभारील? तेथे मंद दिवा, शेंगदाणे आणि लवकर उठण्याची घाई. वर्धा नदी ओलांडली की तर सगळाच जिल्हा कोरडा. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२२ साली मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून बाटलीत भरण्याचे धोरण केले. तोवर मोह आणि अंबाडी एकाच जिल्ह्यात राहूनही कायदेशीर पेल्यात कधी भेटली नव्हती. भेटली असती तर मोहाच्या धुरकट, गोडसर वासाला अंबाडीचा आंबटपणा चांगला धरून राहिला असता, असा या लेखकाचा कयास आहे.

सोड्याच्या दुकानांचे जाणे साध्या व्यापारी कारणांनी झाले. १९७७ साली कोका-कोला देशाबाहेर गेले तेव्हा देशी बाटल्यांना मोकळे रान मिळाले, १९९३ साली ते परत आले, आणि प्लास्टिकच्या बाटलीपुढे धुऊन पुन्हा भरायची जड काचेची बाटली परवडेनाशी झाली. दुकाने गेली तशी मापेही गेली, कारण ती हातात होती. अर्काचे माप बाटलीच्या झाकणाने घेत, मिठाचे चिमटीने, पाकाचे ठरावीक पळीने. एका बंद पडलेल्या दुकानातून मिळालेल्या वहीच्या पानावर लिंबाच्या सोड्यासमोर ‘१ झाकण, पाक जाड, मीठ नेहमीचे’ एवढेच लिहिलेले आहे, आणि ज्या बाटलीचे ते झाकण होते ती बाटली आता बाजारात मिळत नाही. एकतारी पाक धरून आणि कागदी लिंबू ताजे पिळून पाच मिलिलिटर अर्काने सोडा फिका होतो, दहाने औषधासारखा लागतो. सात-साडेसातच्या आसपास, पाणी बरफाएवढे थंड असेल तर, एक चव येते जिला दोघा-तिघा म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनी मान हलवली आहे. ‘मीठ नेहमीचे’ म्हणजे किती, यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही.