सुरतेची पुडी
नंदुरबारहून गाडीत बसलो, की नवापूर, व्यारा, बारडोली करत सुरत येते. डबा निम्मा आपल्या खानदेशचाच!

या खेपेस भाच्याबरोबर महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात गेलो. भर रस्त्यात, स्कूटरच्या सीटवर कागदी पुड्या उलगडून लाखांचे व्यवहार चालतात. भाचा वराछ्यात घंटीवर हिरे घासतो. लेकीच्या लग्नासाठी त्याने बचतीतून एक हिरा घेऊन ठेवलेला. रंग, शुद्धता, पैलू, वजन लिहिलेल्या प्रमाणपत्रासकट. दलालाने डोळ्याला भिंग लावले, कागद वाचला आणि खरेदीच्या निम्मा भाव सांगितला.

२००८ च्या मंदीत दिवाळीनंतर कित्येक कारखाने उघडलेच नव्हते. आता प्रयोगशाळेत घडलेले स्वस्त हिरे आले. त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले. "बारीक माल तपासणीला कोण पाठवतो? फीसुद्धा निघत नाही," दलाल म्हणाला.

"मामा, दर्जा तर तोच आहे ना?" भाच्याने विचारले.

दर्जा तोच होता. पण दर्जा कागद ठरवतो, भाव गिऱ्हाईक.

त्याने पुडीची घडी घालून खिशात ठेवली. लग्नाची तारीख मात्र ठरली आहे.